राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही, तर?

सातमाळा (धागालेखक)

मंडळी, २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या प्रश्नांवर आपलं मत दिलं. विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांनी किती दिवसांत हातावेगळं करावं, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. न्यायालयाचं म्हणणं असं की घटनेत मुदत घातलेली नाही, तेव्हा न्यायालयालाही ती घालता येणार नाही. आणि मुदत उलटली म्हणून मंजुरी मिळालीच असं मानणं घटनेत बसत नाही. मात्र विधेयक बेमुदत दाबून ठेवायचीही मुभा नाही. फार काळ, कारण न देता काहीच हालचाल झाली नाही, तर 'काय तो निर्णय घ्या' इतकं न्यायालय सांगू शकेल.

त्यानंतर वर्तमानपत्रांत आणि चॅनेलांवर जी चर्चा झाली, ती बरीचशी तमिळनाडूभोवती फिरली. ते साहजिक आहे, कारण मूळ खटला तिथला. पण आपल्याकडच्या अनुभवाकडे कुणी फारसं वळलं नाही, म्हणून हा धागा.

राज्यपालांवर वाद होतो तेव्हा आपल्याला आठवतो तो २३ नोव्हेंबर २०१९चा पहाटेचा प्रकार. ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमाराला राजभवनात शपथविधी झाला. तो प्रसंग गंभीर होता यात शंका नाही. पण त्यावर उपाय होता आणि तो लगेच चालला. सर्वोच्च न्यायालयाने २६ तारखेला आदेश दिला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी, उघड मतदानाने, थेट प्रक्षेपणासह. त्याच दिवशी राजीनामे आले. राज्यपालांनी केलेली कृती न्यायालयात तपासता येते, रद्द होऊ शकते, निदान तिच्यावर ताशेरे तरी येतात.

न केलेल्या कृतीचं काय करायचं? मला खरा धोका तिथे दिसतो, आणि महाराष्ट्रात त्याची उदाहरणं एकापाठोपाठ एक मिळाली.

नोव्हेंबर २०२०मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नेमायच्या १२ जणांची यादी राजभवनात पाठवली. होकार नाही, नकार नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १३ ऑगस्ट २०२१ला न्यायालयाने सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने हा पुरेसा काळ आहे. पण राज्यपालांना थेट आदेश देता येत नाही, म्हणून न्यायालय तिथेच थांबलं. यादीही तिथेच थांबली. सप्टेंबर २०२२मध्ये नव्या सरकारने ती परत मागवली आणि अखेर १५ ऑक्टोबर २०२४ला, विधानसभा निवडणूक जाहीर व्हायच्या काही तास आधी, सात जणांचा शपथविधी झाला. त्या यादीतली नावं चांगली होती की वाईट, यात मला आत्ता शिरायचं नाही. वरच्या सभागृहातल्या १२ जागा जवळपास चार वर्षं रिकाम्या राहिल्या, आणि त्यासाठी कुणालाही एका ओळीचं कारण लिहून द्यावं लागलं नाही.

दुसरं उदाहरण मला याहून जास्त टोचतं. फेब्रुवारी २०२१मध्ये विधानसभा अध्यक्षांनी राजीनामा दिला. नवा अध्यक्ष निवडायची तारीख राज्यपाल ठरवतात. सरकारने डिसेंबर २०२१मध्ये गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाचा नियम केला, राज्यपालांनी त्यावर घटनात्मक आक्षेप घेतला आणि तारीख काही दिली नाही. विषय न्यायप्रविष्ट आहे, असंही कारण पुढे आलं. ३० जून २०२२ला सरकार बदललं आणि ३ जुलैला अध्यक्षांची निवडणूक झाली. राज्यपाल तेच होते. जवळपास दीड वर्ष जे जमलं नाही ते चौथ्या दिवशी जमलं.

आपण सगळे कलम १६३मधल्या स्वेच्छाधिकारावर भांडत बसतो. मला वाटतं, मूळ कलम १५५ आणि १५६मध्ये आहे. राज्यपालांना नेमतं केंद्र आणि ते पदावर राहतात केंद्राची मर्जी असेपर्यंत. पाच वर्षांची मुदत लिहिलेली आहे, पण तीही त्या मर्जीच्या अधीन. ज्या राज्याचा कारभार त्यांच्या नावाने चालतो, त्या राज्याच्या विधिमंडळापुढे त्यांना कशाचाही जाब द्यावा लागत नाही. असं असताना थांबून राहणं हा त्यांच्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. वरच्यांची नाराजी नाही आणि न्यायालयात टिकेल असा पुरावाही मागे राहत नाही.

तुमचं मत सांगा. पक्षांची नावं घेऊन भांडू नका ही विनंती. या बाबतीत कुणाचाच इतिहास निर्मळ नाही.

कोर्टपायरी

चांगला धागा. कायद्याची बाजू थोडी उलगडून सांगतो.

कलम २०० नुसार विधेयक आल्यावर राज्यपालांपुढे वाटा मोजक्याच आहेत: सही करणं, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं किंवा मंजुरी रोखणं. मंजुरी रोखायची असेल तर विधेयक आपल्या म्हणण्यासह विधिमंडळाकडे परत पाठवायला हवं. नुसतं रोखून ते मारून टाकता येत नाही. पंजाबच्या खटल्यात नोव्हेंबर २०२३मध्ये हे स्पष्ट झालं आणि आताच्या मतातही ते कायम राहिलं. धन विधेयक परत पाठवता येत नाही.

तमिळनाडूत काय झालं ते पाहा. जानेवारी २०२०पासूनची विधेयकं पडून होती. पंजाबचा निकाल आल्यानंतर, १३ नोव्हेंबर २०२३ला राज्यपालांनी दहा विधेयकं मंजुरी नाकारून परत केली. १८ तारखेला विधानसभेने खास अधिवेशन घेऊन ती पुन्हा मंजूर केली, आणि २८ तारखेला राज्यपालांनी तीच विधेयकं राष्ट्रपतींकडे पाठवून दिली. यावर ८ एप्रिल २०२५ला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने कलम १४२ (संपूर्ण न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयाला असलेला खास अधिकार) वापरून दहाही विधेयकं मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि एक महिना, तीन महिने अशा मुदती घालून दिल्या. या मुदती आता टिकल्या नाहीत.

माझं वैयक्तिक मत: घटनापीठाचं घटनेचं वाचन चूक म्हणता येत नाही. मुदत घालणं हे संसदेचं काम. पण वकील म्हणून मला दुसरंच दिसतं. 'फार काळ' म्हणजे किती, हे दर वेळी नव्याने खटला लढवून ठरवावं लागेल. राज्य सरकार याचिका करणार, नोटीस निघणार, तारखा पडणार, आणि सुनावणीच्या आदल्या आठवड्यात राजभवन विधेयक परत पाठवून देणार. याचिका निष्फळ, आणि मधली दोन वर्षं गेली ती गेलीच.

मांडवीकाठ

गोव्याचं विसरू नका. २०१७ला ४० जागांच्या सभागृहात १७ जागांचा पक्ष सर्वांत मोठा होता, पण सरकार बनवायला बोलावलं १३ जागांच्या पक्षाला. दिल्लीहून पर्रीकर परत आले, १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ असा जिंकले. बहुमत होतं हे सिद्ध झालं, ते मान्य. पण सर्वांत मोठ्या पक्षाला साधं विचारलंसुद्धा नाही, ही खंत गोव्यात आजही ऐकू येते.

केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने १९८८च्या अहवालात यासाठी क्रम सांगून ठेवला आहे. आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांचा पाठिंबा असलेला सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतरची आघाडी. तो कायदा नाही, शिफारस आहे. म्हणून ज्याला जो क्रम सोयीचा, तो त्याने धरायचा असं झालंय.

आणि आमच्याकडे १९९४चं एक प्रकरण आहे जे राज्याबाहेर फार कुणाला माहीत नसतं. राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी विल्फ्रेड डिसोझांचं सरकार परस्पर बरखास्त करून रवी नाईकांना शपथ दिली. ते सरकार आठवडाभरच टिकलं, डिसोझा परत आले आणि राज्यपालांना पद सोडावं लागलं. बोम्मई निकाल ११ मार्च १९९४चा, आणि हे एप्रिलमधलं! बहुमत आहे की नाही ते सभागृहातच ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून महिनाही उलटला नव्हता.

वऱ्हाडी

सातमाळा, तुमच्या मुद्द्यांशी सहमत असूनही थोडं वेगळं लिहितो. मुंबई-पुण्यात राज्यपाल म्हटलं की शपथविधी आठवतो. आम्हाला आठवतो अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली थकबाकी.

कलम ३७१(२)खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं १९९४मध्ये झाली. निधीचं न्याय्य वाटप व्हावं ही राज्यपालांची विशेष जबाबदारी. दांडेकर समितीने १९८४मध्येच अनुशेष आकड्यांत मांडून दाखवला होता, पण तो भरून काढायची गरज कुठल्याही मंत्रिमंडळाला वाटत नव्हती, कारण मंत्रिमंडळ ज्यांच्या मतांवर उभं राहतं त्यांच्या भागाकडे पैसा जातो. डॉ. पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना सिंचनाच्या निधीवाटपाचे निर्देश राजभवनातून निघाले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मंत्रालयाच्या वर कुणीतरी हिशोब मागणारं आहे. ते निर्देश किती पाळले गेले हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. त्या वेळी इथल्या लोकांनी राज्यपालांना मंत्रिमंडळाविरुद्ध उभं राहायला सांगितलं, हे विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रापुरता कायद्यात बदल करण्याचा अधिकार आहे. २०२०मध्ये तो वापरून अधिसूचना निघाली, आणि वनहक्काचा दावा जिल्हा समितीने फेटाळला तरी विभागीय पातळीवर दाद मागायची सोय झाली. त्याआधी जिल्हा समितीचा शब्द अखेरचा होता. ज्या आदिवासी कुटुंबाचा दावा एका कागदासाठी फेटाळला गेला, त्याच्यासाठी याची किंमत काय ते इथे येऊन बघा. आणि हे करणारे राज्यपाल तेच, ज्यांच्यावर तुमचा वरचा सगळा परिच्छेद आहे.

म्हणून 'पदच नको' असं कुणी म्हणणार असेल तर मी कडाडून विरोध करेन.

सातमाळा

वऱ्हाडी, पद नको असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. उलट तुमच्या प्रतिसादाने माझा मुद्दा पुढे गेला. ३७१ आणि पाचवी अनुसूची या दोन्ही ठिकाणी घटनेने राज्यपालांना नेमकं काम नेमून दिलंय. कुणासाठी, कशासाठी, ते लिहिलेलं आहे. तिथे त्यांनी हात आखडता घेतला तर तुम्ही उघड विचारू शकता. विधेयकाच्या बाबतीत, बारा जागांच्या बाबतीत, तारखेच्या बाबतीत तसं काही नाही.

जुना पिंपळ

मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा बराच मोठा असेन. आणीबाणीच्या आधीपासून राजकारण पाहतो आहे, म्हणून दोन शब्द.

१९५९ला केरळमध्ये नंबूद्रीपाद सरकार बरखास्त झालं, ते राज्यपालांच्या अहवालावर. १९७७ला जनता सरकारने नऊ राज्यांतल्या विधानसभा घालवल्या. १९८०ला इंदिराबाईंनी परत येऊन नऊ घालवल्या. त्यात आपलं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही गेलं, १७ फेब्रुवारी १९८०ला. सभागृहात कुणी हरलं नव्हतं. कारण एवढंच दिलं गेलं की लोकसभेला जनतेचा कौल बदललाय.

पण १९८४चा ऑगस्ट मी कधीच विसरणार नाही. आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री एन. टी. रामाराव अमेरिकेत हृदयाची शस्त्रक्रिया करून परतलेले. राज्यपाल रामलाल यांनी त्यांना १६ ऑगस्टला काढून भास्करराव यांना शपथ दिली. रामाराव आपले आमदार घेऊन राष्ट्रपती भवनात गेले, चाकाच्या खुर्चीत बसून. देशभर लोक चिडले. रामलाल यांना जावं लागलं, त्यांच्या जागी शंकरदयाळ शर्मा आले, आणि बरोबर महिन्याने रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. तेव्हा बोम्मई निकाल नव्हता, थेट प्रक्षेपण नव्हतं. लोक रस्त्यावर आले म्हणून ते झालं.

आज विधेयक अडलं म्हणून कोण रस्त्यावर येतं? सातमाळा म्हणतात ते मला या कारणाने पटतं. सरकार पाडलं तर दिसतं. फाईल पडून राहिली तर ती ज्याची असते त्यालाच दिसते.

टोरांटोकर

इथल्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण भारताच्या संघराज्याची बरीच घडण कॅनडाशी जुळते. इथेही प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर प्रांत निवडत नाही. ओटावातले पंतप्रधान सल्ला देतात आणि गव्हर्नर जनरल नेमतात. विधेयक केंद्राच्या विचारासाठी राखून ठेवायचा अधिकारही १८६७पासून कागदावर आहे, अगदी कलम २०१सारखा.

फरक वापरात आहे. हा अधिकार शेवटचा वापरला गेला तो १९६१मध्ये, सस्कॅचेवान प्रांतात. तिथले लेफ्टनंट गव्हर्नर बॅस्टेडो यांनी खाणींच्या करारांबद्दलचं एक विधेयक स्वतःहून राखून ठेवलं, केंद्राला न विचारता. पंतप्रधान डीफेनबेकर यांना ते आवडलं नाही. त्यांच्या सरकारने थोड्याच आठवड्यांत त्या विधेयकाला मंजुरी देऊन टाकली. प्रांतात सरकार विरोधी विचारांचं होतं, तरीही. त्यानंतर साठ वर्षांहून जास्त काळ कुणी तो अधिकार वापरलेला नाही.

ऑस्ट्रेलियात तर राज्याचा गव्हर्नर राज्याच्याच प्रीमियरच्या सल्ल्याने नेमला जातो, १९८६च्या कायद्यापासून. केंद्राचा संबंधच नाही.

जुनी माणसं म्हणतील, आपल्याकडे फाळणी, संस्थानं, फुटीची भीती, म्हणून केंद्राचा माणूस हवा होता. १९४९चा विचार केला तर ते खरंच आहे. घटना समितीत आधी निवडून दिलेल्या राज्यपालाचा मसुदा होता, तो मे १९४९मध्ये बदलला. एकाच राज्यात लोकांनी निवडलेले दोन नेते झाले तर ते एकमेकांशी भांडतील, ही शंका त्यामागे होती. ती शंका योग्यच होती. पण त्या बदल्यात जे आलं त्याला केंद्राच्या संयमाची जोड हवी होती, आणि ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही.

नवी_वाचक

एक भाबडा प्रश्न. राज्यपालांना काढणं एवढं सोपं असतं का? काही चौकशी वगैरे लागत नाही?

सातमाळा

नवी_वाचक, प्रश्न अजिबात भाबडा नाही, सगळं तिथेच येऊन अडतं.

२००४ला केंद्रात सरकार बदललं आणि जुलैत उत्तर प्रदेश, गुजरात, हरयाणा, गोवा या चार राज्यांचे राज्यपाल एकदम काढले गेले. त्यावर बी. पी. सिंघल यांची याचिका झाली आणि २०१०मध्ये पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: राष्ट्रपती केव्हाही काढू शकतात, कारण सांगायची गरज नाही, पण मनमानीने, किंवा केंद्राशी विचार जुळत नाहीत एवढ्यावरून काढता येणार नाही. निकाल चांगलाच होता. मग २०१४ला पुन्हा सरकार बदललं. आपले राज्यपाल के. शंकरनारायणन यांची ऑगस्टमध्ये मिझोरामला बदली झाली. त्यांनी राजीनामा दिला. बदली हा 'काढणं' होत नाही, म्हणून निकाल मोडला असंही म्हणता येत नाही.

केंद्र-राज्य संबंधांवरच्याच पुंछी आयोगाने २०१०मध्ये शिफारस केली होती की राज्यपालांना पक्की पाच वर्षं मिळावीत आणि काढायचं असेल तर राष्ट्रपतींसारखी महाभियोगाची पद्धत असावी. विधेयकासाठी सहा महिन्यांची मुदतही त्याच अहवालात आहे. तेव्हापासून केंद्रात दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली. कुणीही ते हातात घेतलेलं नाही.

माझ्या मते पुंछींची पहिली शिफारस झाली तर दुसरीची गरज अर्धी कमी होईल. ज्याला बदलीची धास्ती नाही, तो सही करायला किंवा कारण देऊन नाही म्हणायला घाबरणार नाही.

कोर्टपायरी

सातमाळा, इथे माझा मतभेद आहे. पक्की मुदत दिली आणि नेमणूक केंद्राच्याच हातात ठेवली, तर आडमुठ्या राज्यपालाला पाच वर्षं कुणीच हलवू शकणार नाही. आज निदान केंद्राला लाज वाटली तर ते काढू तरी शकतं, रामलाल गेले तसे. मुदतीआधी नेमणूक सुधारायला हवी. सरकारिया म्हणतात तसं मुख्यमंत्र्यांशी खरोखरचं विचारविनिमय, नेमलेली व्यक्ती राज्याबाहेरची आणि नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात नसलेली.

आणि एक गोष्ट महाराष्ट्रासाठी. ११ मे २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की २०२२ला राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, सरकारने बहुमत गमावलंय असं दाखवणारं ठोस काही त्यांच्यापुढे नव्हतं. तरीही आधीची स्थिती परत आणता आली नाही, कारण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. म्हणजे केलेली कृतीसुद्धा दर वेळी सुधारता येतेच असं नाही. तुमच्या मूळ लेखात ती बाजू थोडी सोपी झाली आहे.

सातमाळा

कोर्टपायरी, २०२२ आणि २०१९मध्ये फरक पडला तो वेळेचा. २०१९ला तीन दिवसांत निकाल आला म्हणून तो उपयोगी पडला. २०२२च्या प्रश्नाला जवळपास अकरा महिने लागले. नेमणूक आधी सुधारा, हे मात्र मला मान्य आहे. दोन्ही एकत्रच व्हायला हवं.

वऱ्हाडी

घटनापीठाबद्दल एक सांगावंसं वाटतं. त्या पीठाचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आमच्या अमरावतीचे. त्यांचे वडील रा. सू. गवई बिहार आणि केरळचे राज्यपाल होते. केरळात असताना, २००९मध्ये, लावलीन प्रकरणात (वीजप्रकल्पांच्या कंत्राटातल्या गैरव्यवहाराचा आरोप) पिनराई विजयन यांच्यावर खटला चालवायला त्यांनी मंत्रिमंडळाचा सल्ला बाजूला ठेवून परवानगी दिली. पटो न पटो, त्यांनी निर्णय घेतला, सही केली आणि टीका अंगावर घेतली. सातमाळा, तुम्हाला हेच म्हणायचंय ना?

सातमाळा

हो, अगदी हेच. तो निर्णय योग्य होता का यावर वाद घालता येतो, कारण वाद घालायला निर्णय तरी आहे.

नवी_वाचक

मग आत्ता, घटनादुरुस्ती होईपर्यंत, आपण नागरिक म्हणून काय मागू शकतो? सगळं दिल्लीवरच अवलंबून आहे का?

कोर्टपायरी

एक गोष्ट घटनादुरुस्तीशिवाय होऊ शकते. प्रत्येक विधेयक दोन्ही सभागृहांत कधी मंजूर झालं, राजभवनात कोणत्या तारखेला पोचलं, सही कधी झाली, परत आलं किंवा राष्ट्रपतींकडे गेलं तर कधी, हे विधिमंडळाने एका तक्त्यात आपल्या संकेतस्थळावर रोजच्या रोज टाकावं. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१मध्ये एकमताने मंजूर झालं आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीविनाच राहिलं. विद्यापीठ कायद्यातली त्याच महिन्यातली दुरुस्ती राज्यपालांच्या सहीविना राहिली आणि सत्तांतरानंतर मागे घेतली गेली. या दोन्हींचा तारखांनिशी प्रवास शोधायला मला जुनी वर्तमानपत्रं धुंडाळावी लागली.

असा तक्ता असेल तर 'फार काळ' म्हणजे किती, हे न्यायालयापुढे मांडायला पहिल्या दिवसापासून कागद तयार असेल. ज्यांचे आमदार ऐकून घेतात त्यांनी येत्या अधिवेशनाआधी ही मागणी लेखी द्या. मसुदा मी करतो, इथेच टाकतो. वऱ्हाडी, ३७१च्या निर्देशांसाठी त्यात वेगळा रकाना हवा का ते सांगा.

वऱ्हाडी

हवाच. निर्देश कोणता, तारीख कोणती, किती निधी प्रत्यक्ष गेला. हे तीन रकाने घाला.